सातबाऱ्यावरची नावे आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

रत्नागिरी जिल्ह्यात जमीन विकत घेऊ इच्छिणाऱ्या परगावच्या माणसाला पहिल्या भेटीतच एक वाक्य ऐकू येते : "सातबारा क्लिअर आहे, काही काळजी करू नका." तालुक्याच्या बाजारपेठेत बसणारा मध्यस्थ ते अगदी सहजपणे बोलतो, आणि मुंबईत किंवा पुण्यात आयुष्य काढून निवृत्तीनंतर समुद्राजवळ चार कलमे आणि एक कौलारू घर असावे, एवढीच इच्छा बाळगून आलेला गृहस्थ ते तितक्याच सहजपणे खरे मानतो. त्या वाक्यावर विसंबून रकमा दिल्या जातात, मुद्रांक भरला जातो, दस्त नोंदला जातो. आणि पुढे केव्हातरी, कुंपणाचा पहिला खांब रोवला जात असताना, कोणी चुलतभाऊ, कोणी आत्या, कोणी जुन्या कुळाचा नातू आपला हक्क घेऊन समोर उभा राहतो. अशा वेळी आपण त्या हक्कदाराला अडवणूक करणारा म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. जमिनीची मालकी पडताळून पाहणे ही केवळ खरेदीदाराने आपल्या पैशाच्या रक्षणासाठी घ्यावयाची खबरदारी नव्हे. ज्यांची नावे कागदावरून गळली किंवा कागदावर कधी आलीच नाहीत, अशा माणसांविषयीचे ते कर्तव्य आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जेथे घराघरातील निम्मी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या चाकरीत राहिली, तेथे या कर्तव्याचे महत्त्व इतर कोणत्याही जिल्ह्यापेक्षा अधिक आहे.

प्रथम कायद्याची स्थिती स्पष्ट असलेली बरी. सातबाराचा उतारा हा महसुलाचा कागद आहे. शासनाचा शेतसारा कोणाकडून वसूल करावयाचा, जमीन कोणाच्या कबजात आहे आणि तीत काय पिकते, हे कळावे म्हणून गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र करून तो तयार झाला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ अन्वये त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. परंतु 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांतच त्या नोंदीची मर्यादा सांगितली गेली आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताविषयीही सामान्य माणसाची समजूत अशीच अवास्तव असते. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये दस्त नोंदला जातो, मालकी नोंदली जात नाही. विकणारा खरोखर मालक आहे किंवा नाही याचा निवाडा करण्याचा अधिकारच त्या कायद्याने निबंधकाला दिलेला नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका नियमाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून जमिनी फिरविण्याची जी रीत मध्यंतरी फार बोकाळली होती, तिने मालकी मिळत नाही, असा निर्वाळाही त्याच न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या प्रकरणात दिला. तात्पर्य, आपल्या देशात मालकीची हमी शासन देत नाही. ती शोधण्याचा सारा भार खरेदीदाराच्या खांद्यावर आहे.

हा भार रत्नागिरीत विशेष जड का, याचे उत्तर इतिहासात आहे. या जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत उभा होता, आणि त्याच्याखाली धारेकरी, कायम कुळे, साधी कुळे अशी हक्कांची एक उतरंड होती. १८८० च्या खोती कायद्याने या हक्कांची वर्गवारी लावण्याचा प्रयत्न केला, पण कुळाची असहायता त्याने संपली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे, १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढील जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. तोवर १९४८ चा कूळकायदाही आला होता, आणि त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ हे कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. म्हणजे ज्या जमिनीचा आज सौदा होतो, तिच्या मालकीचा खरा प्रश्न बहुधा १९४९ ते १९५७ या काळात कोणीतरी सोडविला, अर्धवट सोडविला किंवा तसाच दप्तरात ठेवून दिला.

आता वकिलांच्या रूढ रीतीकडे पाहावे. मालकीचा शोध तीस वर्षांचा घ्यावयाचा, अशी ती रीत आहे. शहरातील सदनिकेला ती पुरेशी असेल. परंतु आजपासून तीस वर्षे मागे गेले तर आपण गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाशी थांबतो. कृषकदिन त्याच्याही चार दशके पलीकडे राहतो. खोताच्या वंशजाने विकलेल्या वरकस जमिनीवर १९५७ मध्ये कोणाचा राब भाजला जात होता, कूळकायद्याच्या कलम ३२-ग खाली चौकशी झाली होती काय, ३२-म चे प्रमाणपत्र कोणाच्या नावे निघाले, हे त्या तीस वर्षांच्या शोधात दिसणारच नाही. म्हणून कोकणातील जमिनीचा शोध खोती निर्मूलनापर्यंत मागे नेल्यावाचून तो शोध म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार आणि हस्तलिखित उतारे यांच्या नकला काढाव्या लागतील, त्यांतील काही कागद मोडीत असतील, ते वाचणारा माणूस गाठावा लागेल. हे काम चार दिवसांत होत नाही. पण जमीनही चार दिवसांसाठी घेतली जात नाही.

एखादा उतारा प्रत्यक्ष हाती घेऊन वाचल्यास हे सारे अधिक स्पष्ट होईल. माथ्यावर गावाचे नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा. डाव्या बाजूस क्षेत्र, लागवडीयोग्य किती, पोटखराब किती, आकार किती. मध्ये भोगवटादारांची नावे आणि त्या नावांजवळ फेरफारांचे क्रमांक. काही नावे कंसात, म्हणजे ती कमी झालेली. आणि उजवीकडे 'इतर हक्क' या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत दाटीने बसविलेला मजकूर. सामान्य खरेदीदार विकणाऱ्याचे नाव शोधतो, ते सापडले की समाधान पावतो. वास्तविक वाचनाला तेथून आरंभ व्हावयास हवा. नावाजवळचा प्रत्येक क्रमांक हा एका घटनेकडे बोट दाखवितो : कोणी वारला, कोणी विकले, कोणी वाटप केले, कोणाच्या अर्जावरून काही कमी झाले. गाव नमुना सहामधील त्या क्रमांकाची नोंद काढून वाचली, तिच्यावर नोटीस कोणाकोणाला बजावली, हरकत आली होती काय, ती मंजूर कोणी केली, हे पाहिले म्हणजे उताऱ्यावरील एका ओळीमागे असलेले कुटुंब डोळ्यांपुढे येऊ लागते.

या उताऱ्यांवर तीन अक्षरे फार वेळा भेटतात : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कोकणातील असंख्य कुटुंबांच्या वाताहतीचे मूळ या तीन अक्षरांत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चार भावांपैकी तिघे गिरणीत, गोदीत किंवा ट्रामकंपनीत चाकरीला गेले; वडील भाऊ मागे राहिला, म्हणून सर्वांच्या वतीने त्याचे एकट्याचे नाव लागले आणि त्यापुढे ही अक्षरे पडली. भावाभावांत त्यावेळी संशयाला जागा नव्हती. मनीऑर्डरी येत होत्या, शिमग्याला आणि गणपतीला सारे एकत्र जमत होते, भात आणि आंबे वाटून जात होते. पुढे तो वडील भाऊ वारला, वारसतपास झाला, आणि त्याच्या मुलांची नावे लागली. ती मात्र एकत्र कुटुंबाच्या वतीने नव्हे, स्वतंत्र मालक म्हणून. ए.कु.मॅ. ही अक्षरे त्या फेरफारात गळाली, कधी अनवधानाने, कधी जाणूनबुजून. हस्तलिखितावरून संगणकावर उतारे चढविताना अशी अक्षरे सुटली तीही थोडी नसतील. त्या चुका दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ चे अर्ज आजही चालूच असतात. परिणाम असा, की परळच्या चाळीत जन्मलेली तिसऱ्या पिढीतील मुले आपल्या आजोबांच्या जमिनीची कायद्याने हिस्सेदार आहेत आणि उताऱ्यावर त्यांचा मागमूस नाही. सहहिस्सेदाराचा कबजा हा सर्वांच्या वतीने असतो, केवळ वर्षे लोटली म्हणून गैरहजर हिस्सेदाराचा हक्क बुडत नाही, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. गावात असलेल्या पुतण्याने सारी जमीन विकली तरी त्याला विकता येतो तो स्वतःचा हिस्सा. उरलेल्यासाठी खरेदीदार दिवाणी न्यायालयाची पायरी चढतो, आणि तेथे त्याची आयुष्याची पुंजी आणि उरलेले आयुष्य दोन्ही खर्ची पडतात.

लेकींची कथा याहून जुनी आणि अधिक दुःखद आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी ही मुलाप्रमाणेच प्रथम वर्गाची वारस ठरली. तरीही वारसफेरफार करताना मुलांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावे 'इतर हक्कात' टाकण्याची रीत वर्षानुवर्षे चालली, आणि पुष्कळ ठिकाणी ती तेथेही आली नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मसिद्ध समदायाद केले; २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार तेवढे अबाधित राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणातील निर्णयाने पित्याच्या मृत्यूच्या तारखेविषयीची शंकाही दूर केली. असे असता 'बहिणींचे काही म्हणणे नाही' या शब्दांवर आजही सौदे होतात. बहिणीचे म्हणणे नसेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. आणि ते करून देताना तिला कागद वाचून दाखविला गेला होता, तिला आपल्या हिश्श्याची किंमत ठाऊक होती, याची खात्री खरेदीदाराने स्वतः तिला भेटून करावी. पुष्कळांना हे अनावश्यक वाटेल. मला ते सर्वांत आवश्यक वाटते.

इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव असेल, विकास सोसायटीचा बोजा असेल, तर त्याचा उलगडा झाल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे, हे बहुतेकांना कळते. पण कोकणात आणखी काही गोष्टी असतात. जमीन एकाची आणि तीवरील आंब्या-फणसाची झाडे दुसऱ्याची, असा प्रकार येथे अपवादात्मक नाही. १९७५ च्या कायद्याने जी खाजगी वने शासनाकडे निहित झाली, त्यांची नोंद कातळावरच्या आणि डोंगरउतारावरच्या कितीतरी सर्व्हे नंबरांवर आहे. २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ नोटीस निघाल्याने जमीन वन ठरत नाही असे म्हटले खरे, परंतु ज्याच्या जमिनीवर तशी नोंद आहे त्याला ती कमी करून घेण्याचा मार्ग चालावाच लागतो, आणि तो विकणाऱ्याने चालावा, घेणाऱ्याने नव्हे. भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. देवस्थानाची जमीन, देवरहाटीची जमीन यांना तर हातच लावू नये. आणि घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ चा अडसर आहेच. खोट्या दाखल्यावर घेतलेली शेतजमीन पुढे सरकारजमा होऊ शकते.

कागदानंतर जमीन पाहावी, आणि ती एकट्या विकणाऱ्याबरोबर पाहू नये. गडगा जेथे आहे तेथेच हद्द असेल असे नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली की जांभ्याचा तो जुना गडगा शेजाऱ्याच्या हिश्श्यात दोन हात शिरलेला आढळतो, किंवा शेजाऱ्याचा कुणगा आपल्या नकाशात येतो. वाडीकडे जाणारी पाणंद, विहिरीवरची वाट, पावसाळ्यात पऱ्ह्याच्या पाण्याला द्यावी लागणारी मोकळीक, यांपैकी काहीही उताऱ्यावर दिसत नाही. तरीही वहिवाटीचा रस्ता अडविला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. कित्येक वाड्यांतील घरे गावठाणाबाहेर, दुसऱ्याच्या नावच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. त्यांचा ग्रामपंचायतीकडील असेसमेंट उतारा हा घरपट्टीचा कागद आहे, जमिनीच्या मालकीचा नव्हे, पण म्हणून त्या घरांतील माणसांचा राहण्याचा हक्क शून्य होत नाही. वाडीतील वृद्ध बायका आणि पुरुष यांच्याशी ओसरीवर बसून अर्धा तास बोलले तर जेवढे कळते, तेवढे संकेतस्थळावरून कळत नाही.

एका बाबीकडे मी वकीलबंधूंचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. दावा चालू असताना झालेली खरेदी दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मधील तत्त्व आहे. परंतु १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे आपल्याकडे दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदविलेली असेल तरच ते लागू होते. खरेदीदाराने सूची क्रमांक दोन पाहताना ही नोटीस शोधावी, हे उघड आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, वाटपाचा दावा लावणाऱ्या गरीब हिस्सेदाराला त्याच्या वकिलाने ती नोटीस नोंदवावयास सांगितलेच पाहिजे. अन्यथा तो न्यायालयात तारखा मोजीत असताना जमीन तिसऱ्याच्या नावावर होऊन जाते.

जमिनीला भाव येईपर्यंत हे सर्व दोष झाकलेले राहतात. राजापूर तालुक्याने ते उघडे पडताना पाहिले. मे २०१७ मध्ये नाणार आणि आसपासच्या गावांतील जमिनी तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी अधिसूचित झाल्या, २०१९ मध्ये ती अधिसूचना मागे घेतली गेली, पुढे प्रकल्पाची चर्चा बारसू-सोलगावकडे वळली आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. प्रकल्प हवा की नको, हा या लेखाचा विषय नाही. परंतु बाहेरच्या खरेदीदारांनी त्या भागात जमिनी घेतल्याच्या तक्रारी त्या काळात वृत्तपत्रांतून सतत येत होत्या, आणि घाईघाईच्या अशा खरेदीत सर्व हिस्सेदारांची संमती घेण्याचे सोपस्कार कसे पार पडत असतील, याची कल्पना ज्याने एकदाही कोकणातील वारसतपास पाहिला आहे त्याला सहज करता येईल. मुंबई-गोवा महामार्ग असो वा माडबन-जैतापूरचे ९३८ हेक्टरांचे भूसंपादन असो, मोबदल्याचे पैसे आले की पहिला प्रश्न हाच उभा राहतो : घ्यावयाचे कोणी?

जगात याला दुसरा उपाय नाही असे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने जी पद्धती आली, तिच्यात शासकीय नोंद हीच मालकी असते, आणि नोंदीच्या चुकीने कोणाचे नुकसान झाले तर भरपाईची तरतूद असते. आपल्या शेजारी, गोव्यात, पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशामुळे स्थावर विकताना पति-पत्नी दोघांचीही संमती लागते, आणि मृताच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी न्यायालयापुढे होऊन वारस निश्चित होतात. तेथेही विलंब आहे, तेथेही भांडणे आहेत. पण घरातल्या स्त्रीला न विचारता जमीन विकणे तेथे आपल्याइतके सोपे नाही. आपल्याकडे मालकीची हमी देणारी पद्धती आणण्याची भाषा केंद्राच्या भूमी अभिलेख आधुनिकीकरणाच्या कार्यक्रमाबरोबर २००८ पासून होत आहे. उतारे घरबसल्या मिळू लागले, डिजिटल स्वाक्षरीचे झाले, हे मोठेच काम झाले. परंतु अपुरी नोंद संगणकावर चढविल्याने पुरी होत नाही. आणि अशा नोंदींना उद्या शासनाने हमी दिली, तर ज्यांची नावे आज गळलेली आहेत त्यांचा हक्क कायमचा बुडेल. म्हणून हमीच्या आधी नावे लागली पाहिजेत.

२०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' ही मोहीम हाती घेतली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचा तिचा हेतू स्तुत्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र ती तलाठी सजेत बसून पार पडणारी नाही. येथील वारस लालबाग-परळात, डोंबिवलीत, विरारात आहेत. मृत्यूचे दाखले मुंबई महापालिकेचे आहेत. लग्न होऊन गेलेल्या मुलींची आडनावे आणि गावे बदललेली आहेत. वृत्तपत्राच्या रत्नागिरी आवृत्तीत कोपऱ्यात छापलेली जाहीर नोटीस त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि चावडीवर लावलेली पंधरा दिवसांची नोटीस तर नाहीच नाही. त्यासाठी महसूल खात्याने मुंबई आणि ठाण्यात शिबिरे घ्यावीत. प्रत्येक गावातील ज्या खात्यांवर ए.कु.मॅ. ही नोंद आहे किंवा पूर्वी होती, त्या खात्यांची यादी जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवरून काढावी, आणि अशा खात्यातील जमिनीच्या विक्रीचा फेरफार संपूर्ण वंशावळीचे प्रतिज्ञापत्र घेतल्याशिवाय मंजूर करू नये. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयाची ती गौरी-गणपतीच्या आधी लावावी, कारण त्याच दिवसांत चाकरमानी आणि माहेरवाशिणी गावात असतात, आणि त्या दिवसांत मंडळ अधिकाऱ्यांनी गावातच बसून हरकती लिहून घ्याव्यात, अशी मागणी मी रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे या लेखाद्वारे करीत आहे.